हजेरीची सही आणि ठरावाची सही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सार्वजनिक संस्थांच्या कारभारावर तुमच्याकडे मागच्या पंधरवड्यात जी पत्रं आली त्यातल्या बहुतेकांचं म्हणणं एकच, की कार्यकारिणीवर चांगली माणसं बसवा, नामवंत, निःस्वार्थी, प्रतिष्ठित, की झालं काम. ते वाचल्यापासून हे पत्र डोक्यात घोळतंय, कारण आमच्या वाचनालयावर सगळी नामवंतच होती हो. डॉक्टर होते, वकील होते, एक मोठे बागायतदार होते, माजी मुख्याध्यापक होते, आणि मी, ३१ वर्षं बँकेत काढून रिटायर झालेली. आकडे कळतात म्हणून मला घेतलं असं सांगितलं गेलं, खरं कारण एक तरी बाई पाहिजे हे होतं आणि ते मलाही माहीत होतं. तर एवढी सगळी चांगली माणसं बसलेली असताना संस्थेचे साडेअकरा लाख रुपये अडकले आणि त्यात चोर कोणीच नव्हता. म्हणून हे पत्र. गावाचं नाव लिहीत नाही, माझंही छापू नका, कारण माणसं अजून रोज भाजी घेताना भेटतात.

आधी आमची संस्था कशी चालायची ते सांगते, म्हणजे तुमच्या वाचकांपैकी निम्म्या लोकांना आपलीच संस्था डोळ्यापुढे येईल. सगळा कारभार सेक्रेटरींकडे. त्यांना गाव सर म्हणतं. सकाळी साडेसातला कुलूप तेच उघडणार, पेपर स्टँडला लावणार, ग्रंथालय संचालनालयाचं इन्स्पेक्शन आलं की रजिस्टरं घेऊन तेच बसणार, अनुदानाचा हप्ता लांबला की जिल्ह्याला एसटीने खेपा तेच मारणार, आणि हे सगळं २२ वर्षं, एक रुपया न घेता. अध्यक्ष वर्षातून दोनदा, १५ ऑगस्टला आणि व्याख्यानमालेच्या उद्घाटनाला. उपाध्यक्ष आजारी. बाकी आम्ही सभासद दोन-तीन महिन्यांनी मीटिंगला जायचो, म्हणजे चहा, बटाटेवडा, गावातल्या चार गप्पा आणि शेवटी सर म्हणायचे "तेवढ्या सह्या करून जा".

या सह्यांबद्दल जरा थांबून सांगायला पाहिजे. प्रोसिडिंग बुक म्हणजे लाल कापडी पुठ्ठ्याचं लांबडं रजिस्टर. त्यात वर सभेची तारीख, खाली "उपस्थित सदस्य" म्हणून एक ते अकरा आकडे, त्यापुढे आमच्या सह्या, आणि त्याखाली दीड-दोन पानं कोरी. ठराव सर नंतर सावकाश घरी बसून सुवाच्य अक्षरात लिहायचे. आम्ही जी सही करायचो ती आमच्या मते हजेरीची. पण कागदावर तीच सही खालच्या सगळ्या ठरावांना लागू होते, हे बँकेत ३१ वर्षं काढलेल्या बाईला कळू नये? कळत होतं. पण तिथे कोण बोलणार, आणि बोललं तर सरांवर अविश्वास दाखवल्यासारखं होणार. त्यांच्याच घरून आलेला वडा खात खात असं कसं विचारायचं.

पैसे होते एका शिक्षिकाबाईंनी मृत्युपत्रात ठेवलेले, बालविभागासाठी. राष्ट्रीयीकृत बँकेत ठेव होती, साडेसहा टक्क्यांच्या आसपास व्याज. ठेवीची मुदत संपली तेव्हा सरांनी ती रक्कम गावातल्याच एका पतसंस्थेत ठेवली, तिथे नऊ टक्के मिळत होते. फरक वर्षाला अठ्ठावीस-एकोणतीस हजारांचा, आणि सरांच्या डोक्यात तो फरक कशासाठी होता ते ऐका, आमच्या शिपाईमामांचा पगार महिना दोन हजारांनी वाढवायचा होता. वाढवलाही. मामांना त्यावर्षी दिवाळीला पहिल्यांदा नवीन कपडे मिळाले हे मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून मी सरांना चोर म्हणणार नाही आणि कोणी म्हणलं तर भांडेन. पण त्या पतसंस्थेवर सरांचे मेहुणे संचालक होते. हे आम्हा अकराही जणांना माहीत होतं. गावात कोणाचा मेहुणा कोण हे माहीत नसतं का? एकानेही तोंड उघडलं नाही.

मग दीड वर्षाने पतसंस्थेसमोर रांगा लागल्या. पुढे प्रशासक बसला. आतापर्यंत आमच्या हाती टप्प्याटप्प्याने एक लाख ऐंशी हजार आलेत. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नसतं, हे गावातल्या निम्म्या ठेवीदारांना त्या रांगेत उभं राहिल्यावर कळलं. मला मात्र आधीपासून माहीत होतं. म्हणूनच जास्त लागलं.

मी तावातावाने वाचनालयात गेले, प्रोसिडिंग बुक मागितलं, म्हणलं हा निर्णय कोणी घेतला ते मला बघायचंय. सरांनी शांतपणे कपाटातून काढून दिलं. ऐनवेळच्या विषयांमध्ये ठराव क्रमांक ७, मुदत संपलेली ठेव जादा व्याजदर मिळत असल्याने अमुक पतसंस्थेत गुंतवावी असे सर्वानुमते ठरले. सूचक स्वतः सर. अनुमोदक म्हणून माझं नाव. वर हजेरीत चौथ्या नंबरला माझी सही, तारखेसकट, पल्लेदार. मी तिथेच स्टुलावर बसले. मामांनी पाणी आणून दिलं. गंमत म्हणजे पानं मागेपुढे चाळली तर सह्या वेगवेगळ्या पेनांच्या, कोणाची निळी, कोणाची हिरवी, आणि पाच सभांचे ठराव मात्र एकाच काळ्या जेल पेनने, एकाच बैठकीत लिहिल्यासारखे. ऑडिटच्या आदल्या आठवड्यात लिहिले असणार. मला ती सभा आठवत होती, त्यात व्याख्यानमालेच्या मंडपावर पाऊण तास चर्चा झाली होती. ठेवीवर झाली होती का? कोणीतरी उठता उठता "ते ठेवीचं बघून घ्या सर" असं म्हणलेलं अंधुक आठवतं. ते मीच म्हणले असेन तर?

कायदा काय म्हणतो ते मी नंतर वाचलं, आधी वाचायला पाहिजे होता. आपल्याकडे १८६० च्या सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते, म्हणजे आपल्याला नुसते कमिटी मेंबर वाटतं पण कायद्याच्या भाषेत आपण विश्वस्त असतो. त्या कायद्याच्या कलम ३५ मध्ये सरळ लिहिलंय की लगेच न लागणारा पैसा शेड्यूल्ड बँकेत, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या यादीतल्या बँकेत, पोस्टात, सरकारने मान्य केलेल्या सहकारी बँकेत किंवा सरकारी रोख्यात ठेवायचा. पतसंस्था त्यात बसत नाही. वेगळं काही करायचं तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी पाहिजे. आमच्यात वकील होते म्हणलं ना? ते दिवाणी दावे चालवतात, त्यांनी हे कलम आपल्याला लागू आहे असा विचारच केला नव्हता, आणि त्यांना कोणी विचारलंही नव्हतं. नामवंतांचं हे असं असतं बघा, त्यांची अक्कल त्यांच्या ऑफिसात असते आणि संस्थेच्या मीटिंगला ते फक्त नाव घेऊन येतात.

आणि ऑडिटर? इथे मला सगळ्यात जास्त राग येतो. चॅरिटीच्या, म्हणजे धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसच्या, नियमांप्रमाणे ऑडिटरला ताळेबंदासोबत एक प्रश्नावली भरून द्यावी लागते, नियम १९ ची. ती मी ओळ न ओळ वाचली आणि थक्क झाले. सभा घटनेप्रमाणे नियमित होतात का. इतिवृत्ताची वही ठेवली आहे का. विश्वस्तांची संख्या घटनेत आहे तेवढी आहे का. एखाद्या विश्वस्ताचा गुंतवणुकीत हितसंबंध आहे का. कोणी विश्वस्त संस्थेचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का. पाच हजारांवरच्या दुरुस्ती-बांधकामाला टेंडर मागवलं का. कलम ३५ सोडून गुंतवणूक झाली आहे का. म्हणजे आमची नेमकी चूक ज्या प्रश्नांनी पकडली जाईल ते प्रश्न सरकारने आधीच छापून ठेवलेत! त्यावर आमच्या फाइलीत उत्तरं कशी, तर होय, होय, होय, नाही, नाही, लागू नाही, नाही. मागच्या वर्षीची तीच. त्याच्या मागच्या वर्षीची तीच. ऑडिटरच्या ऑफिसातल्या एखाद्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीए शिकणाऱ्या, पोराने जुनी फाइल उघडून तारीख बदलली असणार. आणि खाली विश्वस्त म्हणून सही कोणाची ते विचारू नका.

त्यामुळे माझं म्हणणं असं की कार्यकारिणी मजबूत करायची म्हणजे मोठी नावं गोळा करायची नाहीत, तिथे बसलेल्या माणसाला प्रश्न विचारणं सोपं करायचं, इतकं सोपं की सात्त्विक, भिडस्त, उशिरा आलेल्या माणसालाही तो विचारता यावा आणि कोणाला अपमान वाटू नये. भीड ही आपली मोठी अडचण आहे. वर्गणी मागताना आपण भीड ठेवत नाही, हिशोब मागताना मात्र कुठून येते कोण जाणे.

रांगा लागल्यानंतर आम्ही काय केलं ते सांगते. सगळं जमलेलं नाही हेही सांगते.

पहिली भानगड घटनेची. मी म्हणलं आपल्या संस्थेची घटना द्या, वाचू. अकरा जणांत कोणीच ती बघितलेली नव्हती. कपाटात एक टाइप केलेली कार्बन कॉपी निघाली, कडा वाळवीने खाल्लेल्या, नेमकं कलम ११ गायब. शेवटी चॅरिटी ऑफिसला अर्ज करून नक्कल काढली. ती आली तेव्हा कळलं की घटनेप्रमाणे कार्यकारिणी नऊ जणांची, आम्ही अकरा होतो. मुदत तीन वर्षांची, शेवटची निवडणूक कधी झाली यावर दोन मतं. आणि शेड्यूल एकचा उतारा, म्हणजे चॅरिटी ऑफिसातली आमच्या संस्थेची नोंद, काढला तर त्यात जी नावं होती त्यातले तिघे वारलेले. चेंज रिपोर्टच दिलेला नव्हता कित्येक वर्षं. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत चॅरिटीला कळवायचं असतं कलम २२ खाली, आपल्याकडे संस्थाच्या संस्था ते करत नाहीत, आणि मग कधीतरी भांडण झालं की दोन्ही गट आपापला चेंज रिपोर्ट घेऊन उभे राहतात, तारीख पे तारीख चालू होते, बँक सह्या बदलून देत नाही आणि संस्था ठप्प. आता नवीन माणूस आला की त्याच्या हातात पहिल्या दिवशी घटनेची झेरॉक्स, उताऱ्याची झेरॉक्स आणि मागच्या ऑडिटची झेरॉक्स देतो. तीस-चाळीस रुपयांचं काम आहे.

दुसरं, वही. आता ठराव सभेतच लिहायचे, लिहून झाले की मोठ्याने वाचायचे, आणि मग शेवटच्या ओळीखाली सह्या. हजेरीचं पान वेगळं. पहिल्या दोन सभांना फार वैताग आला लोकांना, वकीलसाहेब म्हणाले आपण काय विधानसभा चालवतोय का. पण तिसऱ्या सभेत मजा झाली, वाचताना डॉक्टर म्हणाले "सर्वानुमते" कसं लिहिलंत, माझा विरोध होता. मग "बहुमताने" केलं आणि त्यांचं नाव घातलं. या वाचनालयाच्या साठ वर्षांच्या वह्यांत विरोधाची नोंद झालेली ती पहिलीच असावी, मी तरी मागे चाळून बघितलं, सापडली नाही. आणि विषय काय तर, नवीन इन्व्हर्टर.

ऐनवेळच्या विषयात पैशाचा ठराव घ्यायचा नाही हेही ठरवलं. तुमच्या वाचकांनी आपापल्या संस्थेच्या नोटिसा काढून बघाव्यात, प्रत्येक नोटिशीत शेवटी दोन ओळी असतातच, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" आणि "गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही". या दोन ओळींच्या पोटात महाराष्ट्रातल्या किती जमिनी, किती ठेवी आणि किती नेमणुका जिरल्या असतील. दुसरी ओळ आमच्या घटनेतच आहे त्यामुळे ती काढायची तर घटनादुरुस्ती लागेल, ती अजून झालेली नाही. सध्या आम्ही फक्त एवढं करतो की अर्ध्या तासात फोन करून माणसं बोलावतो.

सभेच्या आधी आठ दिवस ग्रुपवर एक कागद जातो, बँकेत किती शिल्लक, कुठली ठेव कुठे, कधी संपते, कोणाची बिलं थकलीत. एक पान. आणि टेबलावर पासबुक आणि ठेवींच्या मूळ पावत्या, झेरॉक्स नाही. हे मी हट्टाने करून घेतलं. पासबुक टेबलावर असलं की माणसं आपोआप ते उचलून चाळतात, त्यांना विचारावं लागत नाही, विचारण्यातला तो जो अवघडलेपणा असतो तो जातो. बागायतदारांनी असंच चाळता चाळता विचारलं की हे दर महिन्याला एकशे अठरा रुपये कसले कापतायत, तर तो न वापरलेल्या कसल्याशा सेवेचा चार्ज निघाला. चौदा महिने कापत होते. खजिनदार मी होते.

आणि हितसंबंधाचं. ज्याचा नातेवाईक, भागीदार, मित्र त्या व्यवहारात असेल त्याने आधी तसं सांगायचं आणि चर्चेच्या वेळी बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायचं. पहिल्यांदा वेळ आली ती माझ्यावरच, कपाटं करायची होती आणि माझ्या भाच्याचं वर्कशॉप आहे. मी बाहेर पेपर वाचत बसले. भाच्याला काम मिळालं नाही, वहिनी अजून बोलत नाहीत धड.

आता कोणी म्हणेल हे सगळं परदेशी फॅड आहे, आपल्याकडे संस्था माणसांच्या त्यागावर उभ्या राहिल्या. त्याग होताच. पण त्यागाबरोबर कडाक्याची भांडणंही होती आणि ती याच मुद्द्यांवर होती. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ ची, तिचे आजीव सदस्य अत्यल्प पगारावर काम करायचे. टिळकांचं म्हणणं असं की आजीव सदस्याने आपला सगळा वेळ आणि कष्ट संस्थेलाच द्यायचे, बाहेरची कामं आणि बाहेरची कमाई करायची नाही, आणि बाकीच्यांना ते पटेना. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेतलं त्यावरून ठिणगी पडली आणि १८९० मध्ये टिळक राजीनामा देऊन बाहेर पडले. कोण बरोबर कोण चूक तो वाद सोडून द्या, पण वेळ कोणाला द्यायचा, बाहेरून काय घ्यायचं हे प्रश्न तेव्हा त्यांनी उघड मांडले, लेखी मांडले. आणि सार्वजनिक सभा १८७० मध्ये पुण्यात निघाली तेव्हा तिचं सभासद व्हायला निदान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागायचं, म्हणजे तू कोणाच्या वतीने इथे बसलायस ते आधी दाखव. आमच्या कार्यकारिणीतल्या एकाला तरी, मी धरून, गावातल्या पन्नास वाचकांची नावं सांगता आली असती का याची मला शंका आहे. अर्थात त्याच सभेवर १८९५ मध्ये टिळकांच्या गटाने ताबा मिळवला आणि रानडे-गोखल्यांनी पुढच्या वर्षी वेगळी डेक्कन सभा काढली, म्हणजे मुखत्यारपत्राने फाटाफूट टळते असं नाही.

मुदतीबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. २०२५ मध्ये राज्य सरकारने विश्वस्त कायद्यात दुरुस्ती आणून घटनेत वेगळी तरतूद नसेल तर आजीव विश्वस्त एकूण विश्वस्तांच्या पाव हिश्श्यापेक्षा जास्त असू नयेत असं केलं, टाटा ट्रस्टच्या बातम्यांमुळे ते पेपरात गाजलंही. पण छोट्या गावात "आजीव" असा शब्द घटनेत नसतोच, तिथे तीन वर्षांची मुदत असते आणि माणूस तीस वर्षं बसलेला असतो, कारण दर वेळी "हीच कार्यकारिणी पुढे चालू ठेवावी" असा ठराव होतो, टाळ्या वाजतात आणि सगळे जेवायला जातात. त्या ठरावावर कुठला कायदा काय करणार. आम्ही अंतर्गत नियम केला की लागोपाठ दोन मुदती झाल्या की एक मुदत बाहेर बसायचं. सरांना तो पहिला लागू झाला. त्या दिवशीची सभा मला विसरता येत नाही. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला, एकेक किल्ली कुठली ते सांगितलं, एक किल्ली कुठल्या कुलुपाची आहे ते त्यांनाही आठवेना, आणि म्हणाले "मी कशात खाल्लं नाही". कोणीच काही बोललं नाही. मी तरी बोलायला पाहिजे होतं. तुम्ही खाल्लं नाहीत सर, आम्ही बघितलं नाही, एवढं एक वाक्य. घरी आल्यावर सुचलं.

अजूनही सकाळी साडेसातला कुलूप तेच उघडतात, पद नसताना, आणि नवीन सेक्रेटरी साडेनऊला येतो. ही पण बाजू आहे, ती लपवून उपयोग नाही. प्रश्न विचारणारी कार्यकारिणी झाली म्हणून काम करणारी झाली असं होत नाही. मधे एमआयडीसीतल्या एका कंपनीकडे अभ्यासिकेसाठी सीएसआरचे, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात ते, पैसे मागायला गेलो, आम्ही बारा-ए, ऐंशी-जी, सीएसआर-१ अशी आयकर सवलतीची आणि सीएसआर नोंदणीची सगळी कागदपत्रं फाइल करून नेलेली, तिथल्या पोरगेल्या ऑफिसरने फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, गेल्या वर्षभरात तुमच्या किती मीटिंग झाल्या आणि प्रत्येकीला किती जण होते ते सांगा. वही सोबत होती म्हणून सांगता आलं. मग त्याने विचारलं, तुमच्या कमिटीतले किती जण स्वतः पुस्तकं बदलायला येतात? हे वहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाले मी येतो कधीकधी. मी गप्प. मी ऑनलाइन मागवते, खरं ते लिहिते. पैसे मिळाले की नाही विचाराल तर निम्मे मिळाले.

दुसरी तक्रार मी नेहमी ऐकते ती अशी की एवढे नियम लावले तर फुकट काम करायला कोण येणार. रास्त आहे. कलम ४१-ड खाली निलंबन, बडतर्फी होऊ शकते हे ऐकून आमच्याकडचे एक जण दुसऱ्याच दिवशी तब्येतीचं कारण देऊन मोकळे झाले. पण मला उलटाही अनुभव आलाय. वही नीट झाल्यावर आणि तो एक पानाचा हिशोब नोटीस बोर्डावर लागायला लागल्यावर दोन जण आपणहून म्हणाले की आम्हाला घ्या. आधी ही मंडळी म्हणायची, तुमच्यात यायचं म्हणजे उगाच नाव खराब.

आता माझी दुसरी मुदत सप्टेंबरात संपते, म्हणजे ऑडिट सबमिट झालं की मी बाहेर. माझ्या जागी कोण यावर चर्चा चालू आहे, नेहमीप्रमाणे दोन रिटायर्ड अधिकारी आणि एका पुढाऱ्याची सून अशी नावं आलीत. मी वेगळंच नाव सुचवलंय. आमच्या अभ्यासिकेत एक मुलगी एमपीएससीचा अभ्यास करायला बसते, बाजारपेठेत वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. तिने एकदा नोटीस बोर्डावरचा हिशोब वाचून मला थांबवलं होतं, म्हणाली मॅडम, मे महिन्यात अभ्यासिका आठ दिवस बंद होती तरी लाइट बिल जास्त कसं आलं? बघितलं तर मीटर रीडिंग न घेता सरासरीने बिल लावलेलं. कमिटीवर तिचं नाव घेतल्यावर एक जण म्हणाले वय काय तिचं, आणि दुसरे म्हणाले ती नोकरी लागली की जाणार. जाईल ना, जाऊ दे.

परवा मी तिला विचारलं, येशील का कार्यकारिणीवर. तिने पेन खाली ठेवलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "मॅडम, आधी घटना द्या वाचायला. मग सांगते."

आपली नियमित वाचक
(कृपया नाव व गाव छापू नये)